सोमवारी घेतलेल्या संमत्या

एदिल्मा किसेनोला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, सह्या राहत. रस्त्यात कुणी हात केला तर ती तोंडभर हसायची, खुशाली विचारायची आणि मनात म्हणायची, कोण बरं ही बाई? तीच बाई दुकानात येऊन कागदावर सही करायला वाकली, की एदिल्माच्या डोक्यात लख्ख उजेड पडायचा. "अगंबाई, तुम्ही होय! तुमच्या शेवटच्या अक्षराला शेपूट असतं."

डोंगरावरच्या मानिसालेस शहराच्या मुख्य रस्त्यावर मिरासोल नावाचं चादरी-टॉवेल-पडद्यांचं दुकान होतं, आणि आसपासच्या गावांत त्याच्या सहा शाखा. एदिल्माने तिथे पहिली बारा वर्षं पडद्याचं कापड मापून कापलं. मग तो कायदा आला. गिऱ्हाइकाला जाहिरातीचा मेसेज किंवा ईमेल पाठवायचा, तर आधी त्याची परवानगी हवी. ती त्याने स्वतः दिलेली हवी, कशासाठी देतोय हे समजून दिलेली हवी, आणि सरकारने विचारलं तर दुकानाला ती दाखवता आली पाहिजे. हे कागद सांभाळणार कोण, असा प्रश्न मालकाला पडला. बारा वर्षांत एदिल्माची कात्री एकदाही हरवली नव्हती. त्याने तिला वरच्या मजल्यावर पाठवलं.

वरची खोली लांबट, एकाच खिडकीची, आणि खिडकीत बहुतेक वेळा धुकं. शाखांतून फॉर्म यायचे आणि एदिल्मा ते एकेक करून डोळ्यांसमोर धरायची. नाव, नंबर, तारीख, सही, आणि 'मेसेज चालतील', 'ईमेल चालतील' या दोन चौकटींतल्या खुणा. एका शाखेने चौकटीत आधीच खूण छापून घेतलेले फॉर्म वापरले, तेव्हा तिने तो गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला. वर फोन करून सांगितलं, "हो म्हणणाऱ्याचा हात हलला पाहिजे. छापखान्याचा हलून काय उपयोग?" दुसऱ्या एका शाखेच्या मॅनेजरला रविवारी सकाळी सवलतीचा मेसेज सोडायचा होता. कायद्याने रविवारी बंदी. "अहो, रविवारी देवसुद्धा कुणाला त्रास देत नाही," ती म्हणाली, "तुम्ही टॉवेलवाले कोण लागून गेलात?"

नवरा स्पेनला कामासाठी गेला होता, तो तिकडेच रमला. मूलबाळ नव्हतं. टेकडीच्या कडेला दोन खोल्यांचं घर होतं आणि छप्पन्नाव्या वर्षी तिला त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

त्या वर्षी जूनमध्ये मिरासोलने एल रोसाल नावाची, असाच माल विकणारी, एक बंद पडलेली छोटी कंपनी विकत घेतली. शिल्लक माल आला, लाकडी कपाटं आली आणि गिऱ्हाइकांची यादी आली. मिरासोलचं कायद्याचं काम बघायला बेरिओ नावाची एक तरुण वकीलबाई होती. तिने एदिल्माच्या टेबलावर एक खोका आणून ठेवला. वयाने मोठ्या बाईला मानाने म्हणतात ते 'दोन्या' ती कधी विसरायची नाही.

"दोन्या एदिल्मा, हे एल रोसालच्या चुस्काल शाखेचे फॉर्म. चारशे बारा आहेत. नुसती यादी विकत घेतली म्हणून आपल्याला मेसेज पाठवता येत नाहीत. संमती खरी आहे का ते बघा, थोड्यांना फोन करून विचारा. मग ठरवू."

"चुस्काल? ते वर, थंडीतलं? तिथे चारशे बारा माणसं तरी उरलीत का?"

"गिऱ्हाइकं असतील आसपासची," वकीलबाई म्हणाली आणि गेली.

एदिल्माने खोका उघडला. फॉर्म इतके नीट होते की तिला आधी बरंच वाटलं. एकही चौकट अर्धवट नाही, एकही खाडाखोड नाही. सह्या वेगवेगळ्या हातांच्या. म्हणजे एकाने बसून सगळ्या ठोकल्या होत्या असंही नाही. दहा-बारा फॉर्म झाल्यावर मात्र तिची बोटं मंदावली. तिने तारखा एका कागदावर उतरवल्या, भिंतीवरून जुनी कॅलेंडरं काढली आणि वर्षावर वर्ष ताडून पाहिली. पहिले एकशे सत्त्याहत्तर फॉर्म कोणत्याही वाराचे होते. त्यानंतरचे सगळे, झाडून सगळे, सोमवारचे.

सोमवार हा आत्म्यांचा वार. एदिल्माची आईसुद्धा सोमवारी मेणबत्ती घेऊन दफनभूमीत जायची. असेल, सोमवारी तिथे बाजार भरत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने सोमवारच्या गठ्ठ्यातला पहिला फॉर्म घेतला. एल्येसेर बुरितिका. तारीख सात वर्षांपूर्वीची. फोन चौथ्या घंटीला उचलला गेला.

"एल रोसाल दुकानाच्या यादीसंबंधी बोलतेय. सेन्योर एल्येसेर आहेत का?"

पलीकडे एक म्हातारा, आनंदलेला आवाज होता. "आहेत, आहेत! पण ते फोनवर येत नाहीत हो. मी ओतिलिया, त्यांची बायको. किती दिवसांनी आठवण झाली तुम्हाला! मार्चमध्ये यांचा वाढदिवस होऊन गेला, या वर्षी मेसेजच नाही."

"दुकान बंद झालं ना. मला एवढंच विचारायचंय, मेसेज पाठवायला त्यांनी स्वतः परवानगी दिली होती का?"

"दिली होती की. स्पष्ट दिली होती. मी तिथेच उभी होते."

"मग त्यांच्याशीच बोलायला कधी फोन करू?"

"फोनचं नाही जमायचं, बाई. तुम्ही वर या. सोमवारी या, सोमवारी सगळे भेटतात."

"आजारी आहेत का?"

"छे! आता कसला आजार?" ओतिलिया हसली. "नऊ वर्षं झाली की. दफनभूमीच्या भिंतीत, तिसरी ओळ, चौदावा कोनाडा."

एदिल्माने फॉर्मवरची तारीख पुन्हा पाहिली. सात वर्षं. माणूस जाऊन नऊ. तिने आभार मानले आणि फोन ठेवला. मग पुढचा नंबर लावला. एका माणसाने सांगितलं की त्याची आई फोनवर येऊ शकत नाही, पण तिने हो म्हटलं होतं, त्याने ऐकलं होतं. तिसऱ्या नंबरवर एक मुलगी म्हणाली की आजोबांना मेसेज आला की ती तो वर जाऊन त्यांना वाचून दाखवते, उशांवर सवलत असली की ते खूश होतात. चौथा, पाचवा, नववा. कुणी ओरडलं नाही. कुणी "आमचा नंबर कुठून मिळाला" असं दरडावलं नाही. एदिल्माला वरच्या मजल्यावरच्या चौदा वर्षांत इतकी गोड बोलणारी माणसं एका दिवसात भेटली नव्हती, आणि दुपारपर्यंत तिने जेवणाचा डबा उघडला नव्हता.

विसावा फॉर्म सोफोनियास आर्सिला या नावाचा होता. फोन उचलला गेला. पलीकडून काही बोलणं आलं नाही. वारा नव्हता, श्वास नव्हता. पण ओळ रिकामी नव्हती. रिकामी ओळ आणि ऐकणारी ओळ यांतला फरक एदिल्माला झोपेतही कळला असता. तिने तिचा ठरलेला प्रश्न विचारला. "मेसेज पाठवायला तुमची परवानगी आहे का?"

टक, टक, टक, असा आवाज आला, कुणीतरी बोटाच्या पेराने दगडावर वाजवावं तसा. आणि ओळ तुटली.

त्या दिवशी तिने पुढचा फोन केला नाही.

वकीलबाई बेरिओने सगळं ऐकून घेतलं. "जुना नंबर टेलिफोन कंपनीने दुसऱ्या कुणाला दिला असणार," ती सोफोनियासबद्दल म्हणाली. "बाकीचं सरळ आहे. तिथल्या विक्रेत्या बाईने आकडा भरायला मेलेल्यांची नावं घातली. तुम्ही एकदा वर जाऊन तिचा जबाब लिहून आणा. फाइलमध्ये राहू दे. उद्या कुणी तक्रार केली तर आपण तपास केला होता हे दिसायला हवं."

"सोमवारी जाऊ?"

"कधीही जा."

एदिल्मा सोमवारी गेली. जीपने तीन तास. शेवटचा तास नुसता चढ, दोन्ही बाजूंना ओलं गवत आणि ढगात बुडालेल्या गाई. चुस्कालच्या चौकात उतरली तेव्हा अकरा वाजले होते. चर्च, बंद शाळा, आणि कुलपं लावलेली घरं. बंदुकांच्या वर्षांत, हत्यारबंद टोळ्या माणसं गायब करत होत्या तेव्हा, लोक खाली पळाले होते, त्यातले थोडे परत आले, बरेचसे नाही आले.

विक्रेत्या बाईचं नाव रोस्मीरा ताबारेस. दुकान होतं त्याच घराच्या मागच्या बाजूला ती राहायची. अडुसष्ट वर्षांची, काटकुळी, अंगावर लोकरी घोंगडं. तिने एदिल्माला चुलीपाशी बसवलं, गुळाचं गरम पाणी दिलं, त्यात चीजचा तुकडा टाकला आणि समोर बसली.

एदिल्माने कागद काढला. "दोन्या रोस्मीरा, तुम्ही खोट्या संमत्या घेतल्यात."

"एक खोटी दाखवा."

"हा बघा. एल्येसेर बुरितिका. माणूस गेला त्यानंतर दोन वर्षांनी फॉर्म."

"मग? त्याच्या आधी मी त्याला कुठे विचारलं होतं? ज्या दिवशी विचारलं त्या दिवशी हो म्हणाला, तीच तारीख घातली. सही ओतिलियाने केली. त्याला हात बाहेर काढता येत नाही."

एदिल्माने तिच्याकडे पाहिलं. बाई थट्टा करत नव्हती.

मग रोस्मीराने सगळं सांगितलं. एल रोसालच्या मुख्य कचेरीतून दर महिन्याला तीस फॉर्मची मागणी असायची. गावातली जिवंत माणसं सहा महिन्यांत विचारून संपली. "मी साहेबाला फोन केला, म्हटलं, आता काय गाईंच्या खुरांचे ठसे घेऊ? तो म्हणाला, फॉर्म आण नाहीतर दुकान बंद करतो. त्याच आठवड्यात ओतिलिया आली. तिच्या फोनवर तिच्या वाढदिवसाचा मेसेज आला होता. म्हणाली, रोस्मीरा, माझ्या म्हाताऱ्याचंही नाव घाल. वर्षातनं एकदा तरी कुणीतरी त्याला नावाने हाक मारेल."

"आणि तुम्ही घातलं."

"नाही घातलं!" रोस्मीरा पहिल्यांदाच चिडली. "न विचारता कसं घालणार? फॉर्मवर काय छापलंय? ज्याचं नाव त्याने स्वतः हो म्हटलं पाहिजे. मी ओतिलियाला घेऊन वर गेले. कोनाड्यावर तीन वेळा टकटक केलं, सगळे करतात तसं. अख्खा मजकूर वाचून दाखवला. कशासाठी नंबर घेतोय, कोण वापरणार, आणि कधीही नको म्हणू शकता, हेसुद्धा. मग थांबले."

"आणि?"

"हो म्हणाला."

ती उठली, कपाटातून दोऱ्याने बांधलेला एक पातळ गठ्ठा काढून तिने एदिल्माच्या मांडीवर ठेवला. सदतीस फॉर्म. प्रत्येकावर नाव, सोमवारची तारीख, चौकटी कोऱ्या, आणि खाली एका रेषेत लिहिलेलं: 'विचारलं. नको म्हणाले.'

"हे मी कचेरीला पाठवले नाहीत. यांना एकदाही मेसेज गेलेला नाही," रोस्मीरा म्हणाली. "बाई, तुम्ही इतकी वर्षं हे काम करता. खोटं करणारी बाई नकार जपून ठेवते का हो?"

खाली शहरात एदिल्मा ज्या मॅनेजरांशी भांडायची, त्यांतल्या एकानेही कधी नकाराचा कागद ठेवला नव्हता. तिने चाचरत विचारलं, "आणि सोफोनियास आर्सिला? त्याचा फोन उचलला गेला."

"त्याचं कुणीच नाही राहिलेलं. म्हणून त्याचाच नंबर घातला." रोस्मीराने चुलीत लाकूड सरकवलं. "फोन त्याच्या कोटाच्या खिशात होता. कोट घालूनच ठेवलाय त्याला."

एदिल्माने गुळाच्या पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हो आणि नाही, हे कळतं कसं तुम्हाला?" तिने शेवटी विचारलं.

"चला. सोमवार आहे."

दफनभूमी गावाच्या वर होती. दुपारचे दोन वाजले असतील, पण धुकं इतकं दाट की फाटकातून आत शिरल्यावर पाठीमागचं फाटक दिसेना. आधी आवाज आला. टक, टक, टक. थोड्या अंतरावर पुन्हा, टक, टक, टक. मग डावीकडून, मग वरून. एदिल्माने रोस्मीराच्या घोंगड्याचं टोक पकडलं. हळूहळू आकार दिसू लागले. आठ-दहा म्हातारी माणसं, कुणी काठी टेकून, कुणी छोट्या शिडीवर, चुन्याने रंगवलेल्या उंच भिंतीतल्या कोनाड्यांच्या दगडी झाकणांवर बोटाच्या पेरांनी वाजवत होती आणि मग कान लावून उभी राहत होती. कुणी रडत नव्हतं. शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं इतक्या सहज ती उभी होती.

रोस्मीरा दुसऱ्या ओळीतल्या एका नव्या झाकणापाशी थांबली. "बेलार्मिना. फेब्रुवारीत गेली. हिला मी कधी विचारलंच नाही, दुकान आधीच बंद झालं होतं. कान लावा."

"मी?"

"मघाशी म्हणालात ना, तुम्हाला सह्या ओळखता येतात. बघा."

एदिल्माने गाल दगडाला लावला. दगड ओला होता. रोस्मीराने तीन वेळा वाजवलं आणि फॉर्मचा मजकूर तोंडपाठ म्हणायला लागली, अडखळत नाही, घाई करत नाही, एक शब्द गाळत नाही. 'तुमचं नाव आणि नंबर फक्त मालाच्या आणि सवलतींच्या माहितीसाठी वापरला जाईल. तुम्ही कधीही ही परवानगी मागे घेऊ शकता.' मग ती गप्प झाली.

सुरुवातीला दगडाआड काहीच नव्हतं. मगही ऐकू काही आलं नाही, पण आतली शांतता बदलली होती. कुणीतरी बोलता बोलता थांबून ऐकायला लागावं तशी ती जवळ आली होती, झाकणाच्या अगदी पलीकडे, तिच्या गालाला लागून. विसाव्या फोनवर होती तीच. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग, खोलीतून कुणी उठून आत निघून जावं तशी ती दूर गेली.

"नको म्हणाली," एदिल्माच्या तोंडून निघालं.

"हो ना," रोस्मीरा म्हणाली आणि फॉर्मवर तसं लिहिलं. "हिला आधीपासून असलं काही आवडायचं नाही."

रोस्मीराच्या घरी परतल्यावर एदिल्माने जबाब लिहायला घेतला आणि अर्ध्यावर पेन ठेवून दिलं. नकारांचा गठ्ठा आवरताना तिला तळाशी आणखी एक फॉर्म सापडला. दिदियेर ताबारेस. जन्मतारीख, रोस्मीराचाच नंबर, आणि बाकी सगळं कोरं. ना हो, ना नाही.

"हा राहिला," रोस्मीरा म्हणाली. "माझा मुलगा. एकवीस वर्षं झाली. दुधाच्या गाडीवर बसून खाली गेला, गाडी परत आली, हा नाही आला. तेवीसचा होता."

"मग हा फॉर्म…"

"जिवंत असेल तर त्याला फोन करून विचारायचं. तसा नसेल तर वर जाऊन. पण ना पत्ता, ना कोनाडा, विचारू कुठे?" ती दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "दर सोमवारी बाकीच्यांना विचारते. दिदियेर आलाय का हो तुमच्यात? नाही म्हणतात."

"म्हणजे तो जिवंत…"

"म्हणजे नाही म्हणतात. एवढंच."

एदिल्मा संध्याकाळच्या जीपने खाली आली. दुसऱ्या दिवशी तिने वकीलबाईला सगळं सांगितलं, दगडाला गाल लावल्याचं सोडून. बेरिओने पेनाचं टोपण मिटलं.

"दोन्या एदिल्मा, वाईट वाटतं, पण कायद्याला मेलेल्या माणसाची संमती कळत नाही. दुसऱ्याने केलेली सही तर नाहीच नाही. जिवंतांचे फॉर्म ठेवू, त्यांना नव्याने विचारू. बाकी सगळी माहिती पुसून टाका. नातेवाइकांना हवं असेल तर त्यांनी स्वतःच्या नावाने परवानगी द्यावी."

"आणि नकार?"

"नकार ठेवायचेच असतात, नाहीतर चुकून पुन्हा मेसेज जाईल." मग आपण काय बोललो ते बेरिओच्या लक्षात आलं आणि ती ओशाळून हसली. "ठेवा. त्यात काय बिघडतंय?"

एदिल्माने एकेकाला फोन करून कळवलं. नातेवाइकांपैकी कुणीही स्वतःच्या नावाने परवानगी दिली नाही. "मला काय करायच्यात चादरी?" ओतिलिया म्हणाली. "माझं नाव घेणारी माणसं आहेत इथे. त्यांचं कोण घेणार?" पण ती भांडली नाही. भांडली ती रोस्मीरा.

"पुसायचं तर पुसा. पण ज्याची माहिती पुसता त्याला सांगायला नको? फॉर्मवर छापलंय तुमच्याच. नातेवाइकांना फोन करून काय होतं? संमती नातेवाइकांनी दिली नव्हती."

"दोन्या रोस्मीरा, आता काय म्हणू तुम्हाला?"

"काही म्हणू नका. वर या."

त्या ऑगस्टमध्ये, पुन्हा एका सोमवारी, एदिल्मा वर गेली. वकीलबाईला तिने सांगितलं की तब्येत बरी नाही. पिशवीत नावांची यादी आणि एक साधं पत्र होतं, तिनेच लिहिलेलं: 'तुमचं नाव आणि नंबर आम्ही आमच्या यादीतून काढून टाकला आहे. यापुढे तुम्हाला आमच्याकडून काही येणार नाही. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' सकाळी नऊला तिने सुरुवात केली. रोस्मीरा शिडी धरायची, एदिल्मा वाजवायची, नाव घ्यायची, वाचायची, पुढे सरकायची. गावातली माणसं धुक्यात आपापल्या माणसांपाशी उभी होती. तिचं वाचून झालं की कुणी म्हणायचं, "ऐकलंस ना रे?" आणि कुणी नुसताच झाकणावर हात फिरवायचं. दुपारपर्यंत तिचा घसा बसला आणि पेरांची सालं निघाली, तरी तिने कुठलीही दोन नावं एकत्र उरकली नाहीत.

तिसऱ्या ओळीत, चौदाव्या कोनाड्यापाशी, ओतिलिया आधीच स्टूल घेऊन बसली होती. एदिल्माने तीन वेळा वाजवलं. "सेन्योर एल्येसेर बुरितिका," ती म्हणाली आणि पत्र वाचलं.

वाचून तिने कागद खाली केला, आणि झाकणाच्या आतून एकदा, हलकेच, वाजलं.

एकदाच. भिंत ओल धरून तडकावी तसाही तो आवाज असू शकला असता. एदिल्मा शिडीला धरून उभी राहिली. शेजारच्या दोन-तीन माणसांनीही मान वळवली होती, म्हणजे त्यांनीही तो ऐकला होता.

"समजलं म्हणतोय," ओतिलिया शांतपणे म्हणाली, आणि पदराआडून काढावा तसा घोंगड्याखालून रुमाल काढून तिने डोळे टिपले. "फार बोलायचा नाही तो. जा, पुढचं करा तुम्ही, उशीर होईल."

सोफोनियास आर्सिलापाशी मात्र एदिल्माने पत्र वाचताना झाकणाला हात लावला नाही. लांबूनच वाचलं.

फाइलमध्ये तिने लिहिलं: चुस्काल, दोनशे पस्तीस जणांची माहिती पुसली, सर्वांना प्रत्यक्ष कळवलं. वकीलबाईने ते वाचलं, 'प्रत्यक्ष' या शब्दावर तिचं बोट थांबलं, आणि काही न विचारता तिने खाली सही केली.

त्यानंतर रोस्मीरा महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायची. बटाटे कसे झाले, पाऊस किती, ओतिलियाचा गुडघा. दिदियेरचं नाव निघायचं नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, एका सोमवारी दुपारी, एदिल्मा फॉर्म लावत असताना तिचा फोन आला. आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

"दोन्या एदिल्मा, आज विचारलं मी त्यांना. आलाय म्हणाले."

एदिल्माने हातातले कागद टेबलावर ठेवले. "कोण आलाय?"

"दिदियेर. काल-परवाच आला म्हणाले." ती थांबली. "मी म्हटलं, आलाच आहे तर विचारून घ्यावं. फॉर्म सोबत होताच. अख्खा वाचून दाखवला त्याला."

"मग?"

"नको म्हणाला!" रोस्मीरा हसायला लागली, आणि त्या हसण्याचं मधेच कधी रडणं झालं ते कळलं नाही. "एकवीस-बावीस वर्षांनी आईने काही विचारलं, तर नको! तसाच आहे बघा. लहानपणापासून त्याला काहीही विचारा, आधी नको."

एदिल्माने तिला रडू दिलं. कामाची वेळ होती, खाली काउंटरवर कुणीतरी कापड फाडल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर सतरा दिवसांनी बेपत्ता माणसांच्या सरकारी शोधपथकातली दोन माणसं चुस्कालला गेली. खालच्या खोऱ्यात, नदीच्या वळणावर, एका शेतात खणताना तीन जणांची हाडं सापडली होती. त्यातल्या एकाची रोस्मीराने पूर्वी दिलेल्या रक्ताच्या नमुन्याशी जुळत होती. जमीन उकरली त्या दिवसाची तारीख त्यांनी तिला सांगितली. तो शनिवार होता. तिने फोन केला त्याच्या दोन दिवस आधीचा.

एदिल्मा दफनाला गेली. लाकडी पेटी इतकी लहान होती की एकट्या माणसाने उचलली. रोस्मीराने सगळ्यात खालच्या ओळीतला कोनाडा मागून घेतला होता, गुडघे वाकवून का होईना पण शिडीशिवाय पोचता येईल असा. गवंड्याने झाकण बसवलं, कडा लिंपल्या. पाद्री गेला, माणसं पांगली. धुकं नव्हतं त्या दिवशी. वरचा बर्फाचा डोंगरसुद्धा दिसत होता.

एदिल्माला वाटलं, आता ही वाजवेल. ती दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. रोस्मीरा मात्र जमिनीवर बसली, ओल्या सिमेंटला धक्का लागू नये म्हणून थोडी लांब, आणि घोंगडं गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"वाजवायचं नाही?" एदिल्माने हळूच विचारलं.

"नको. किती लांबून आलाय." ती भिंतीकडे न बघता म्हणाली. "तुम्ही बसा जरा. जीप चारला आहे."